रक्त जातंय कुठं?

लिहा ताई, माहं नाव हलिमा, पण औंढ्यात हलिमा म्हणून विचाराल तर कोणाला कळायचं न्हाई, मनियारीन मावशी म्हणा, कोणी बी घर दाखवील. जन्म माहा वारंगा फाट्याच्या अलीकडं एक बारकं गाव हाय तिथला. आमी मनियार, म्हणजे बांगड्यावाले, अब्बाचं तेच काम आन् अब्बाच्या अब्बाचं बी तेच. अब्बा सायकलला दोन्ही अंगानं पेट्या बांधून गावोगाव हिंडायचे, आज हा बाजार, परवा तो बाजार, आन् सात-आठ वर्साची असल्यापासून मी पुढच्या दांड्यावर. घरात आमी आमची मुसलमानी बोली बोलतो, पण धंद्याला मराठीच, काहून की बाईचा हात हातात घेतला का तिच्यासंग तिच्याच बोलीत बोलावं लागतं, तवा ती हात सैल सोडती. अंगठ्याच्या बुडाशी हाड असतं बघा, ते आत दाबायचं, चार बोटं जवळ घ्यायची आन् बांगडी अशी सरकवायची की बाईला कळलं न्हाई पाहिजे. अब्बानं मला हे शिकवलं, भावांला न्हाई शिकवलं, म्हणायचे ह्या पोरीच्या बोटांत नजर हाय.

अम्मी मी बारा वर्साची असताना गेली. तिला अंगावरून जायचं, थांबायचंच न्हाई, गर्भाच्या पिशवीचं दुखणं हाय म्हणले आन् गेली. मग माह्याहून मोठा रहीमभाई, लाकडाच्या अड्ड्यावर करवत चालवायचा, दारूचा थेंब न्हाई, विडी न्हाई, तर तेच्या पोटात गोळा झाला, अंग वाळून वाळून चाळिशीतच गेला तो. कोणी म्हणलं लिव्हर, कोणी म्हणलं तेला कोणी काही खाऊ घातलं. आमी तेला तीन दरग्यांला नेलं ताई, आन् मोठ्या दवाखान्याला एकदा बी नेलं न्हाई. हे मी आता बोलून राहिली, तवा मलाबी असंच वाटायचं का दवाखान्यात नेलं का माणूस मरतो. मग आमी दोघं राहिलो, मी आन् धाकटा युसुफ. अम्मी गेल्यावर तेला मीच कडेवर वाढवला होता.

रहीमभाई जायच्या कितीतरी आधीच मी लग्न होऊन औंढ्याला आले होते. मालक टेलर, माणूस बोलायला कमी पण वाकडा न्हाई. मंदिराच्या रस्त्याला आमचा बारका गाळा, अर्ध्यात तेंची मशीन आन् अर्ध्यात माह्या बांगड्या. श्रावणातले सोमवार आन् शिवरात्रीची जत्रा, तवा तर मला जेवायला टाईम न्हाई भेटायचा, सेनगावच्या बाया, वसमतच्या बाया, दर्शन करून आल्या का मावशी हिरव्या भरा, मावशी लाल भरा. दोन लेकरं झाली, शबाना मोठी, इरफान बारका. बरं चाललं होतं. अगदी बरं चाललं होतं, खोटं काहून बोलू.

आता दुखण्याचं सांगते. अठ्ठेचाळीस वर्साची आसंन मी. पयले दम लागू लागला. मंदिराचा जो चढ हाय तो मी बांगड्यांचं गठुडं घेऊन दिवसातून चारदा चढायची, तो चढता चढता मधे दोनदा बसू लागली. मालक म्हणले वय झालं. मी बी म्हणलं वय झालं. मग डोकं गरगर, मग माती खावं वाटायचं, भिंतीवर पाणी मारलं का जो वास येतो ना तेच्यासाठी जीव कासावीस व्हायचा. गावात एक खाजगी डॉक्टर होता, नाव कशाला घेऊ, लई गर्दी असती तेच्याकडं. तेनं रक्त तपासलं, म्हणला मावशी रक्त कमी हाय, सात हाय फक्त, बायकांचं असंच असतं, तुमी जेवत न्हाई नीट. मी म्हणलं मी तर दोन भाकरी खाते. म्हणला पालक खा, गूळ-शेंगदाणे खा. आन् सलाईन लावलं, लाल रंगाचं इंजेक्शन त्याच्यात सोडलं. दोन महिने बरं वाटलं. पुन्हा तेच. पुन्हा सलाईन. असं दीड वरीस, ताई. दीड वरीस मी तेच्या दवाखान्यातल्या त्या एकाच खाटंवर उताणी झोपून वरचा पंखा बघत राहिले, आन् शेजारच्या खाटंवर बी कोणती तरी बाईच असायची, तिला बी तेच लाल सलाईन, तिला बी पालक खा. तेनं मला एकदा बी विचारलं न्हाई का बाई, तुही पाळी चालू हाय का बंद. बंद होऊन दोन वर्सं झाली होती. मलाच कुठं सुचलं सांगायचं.

मग पोट दुखू लागलं. उजव्या अंगाला, खाली, इथं. येऊन-जाऊन दुखायचं. एक दिवस इतकं दुखलं का मी गाळ्यातच गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाले. तोच डॉक्टर म्हणला अपेंडिक्स सुजलं, फुटलं तर जीव जाईल, दुसऱ्या गावाहून ऑपरेशनवाले डॉक्टर बोलावतो, उद्या करून टाकू. केलं. काढलं ते बाहेर आणून मालकाला ट्रेमध्ये दाखवलं, करंगळीएवढं, बघा म्हणले एवढ्याशा शेपटानं तकलीफ देली. मालकानं बघून मान हलवली, टेलर माणूस, तेला काय कळतं. मग ते शेपूट कुठं गेलं, कोणी तपासलं का, हे आमी विचारलं न्हाई आन् तेंनी सांगितलं न्हाई. टाके काढले, घरी आले, सगळे भेटायला आले, युसुफ आला वारंग्याहून, बिस्किटाचे पुडे घेऊन. तेचं तिथं फाट्यावर बांगड्यांचं आन् जनरलचं मोठं दुकान, काचंचं दार, दोन माणसं कामाला. आपा आता आराम कर म्हणला.

दीड महिना आराम केला आन् पुन्हा तिथंच दुखायला लागलं. डॉक्टर म्हणला आतले टाके जुळून राहिले, दुखणारच. आन् रक्त बघितलं तर पुन्हा सात.

काय सांगू तुमाला, माणसाला किती समजत असतं आन् तरी तो गप असतो. मी बायकांचे हात बघते. कोणाचा हात सुजला, कोणाचा गरम, कोणती पोटुशी हाय अजून घरात सांगितलं न्हाई, मला पयले कळतं. आन् माह्या स्वतःच्या हाताला मेंदीशिवाय रंग राहिला न्हाई हे मी रोज बघत होते.

सुजाताताई म्हणून एक सिस्टर हाय, सरकारी आरोग्य केंद्रात. बौद्ध समाजाची, भीमनगरातली. तिच्या पोरीचं लग्न निघालं. तेंच्यात नवरीला पांढरी साडी असती, पण बांगड्या तर पाहिजेतच, मला घरी बोलावलं. पोरीला भरल्या, तिच्या काकूला भरल्या, मग सुजाताताई बसली. मी तिचा हात धरायचा तर तिनंच माहा धरला. तळवा उलटा केला, नखं दाबून बघितली, मग अंगठ्यानं माही खालची पापणी वढून बघितली, आन् घर पाव्हण्यांनी भरलेलं ताई, सगळ्या बाया हसून राहिल्या, आन् ही माह्याकडं बघून राहिली. मावशी, पाळी येती का? म्हणलं न्हाई, बंद झाली. मूळव्याध? न्हाई. मग रक्त जातंय कुठं?

मी म्हणलं डॉक्टर म्हणतेत मी जेवत न्हाई. ती म्हणली, न जेवल्यानं इतकं उतरत न्हाई मावशी, भरलं का उतरतं, भरलं का उतरतं, म्हणजे कुठून तरी गळून राहिलं. शौचाला काळं होतं का? मी कधी बघितलं, कोण बघतं? तर तिनं पोरीचं लग्न तीन दिवसांवर आलेलं असताना मला कागदावर लिहून देलं का संडासची तपासणी करा, तिच्यात डोळ्याला न दिसणारं रक्त सापडतं. आन् म्हणली जे अपेंडिक्स काढलं तेचा तुकडा तपासल्याचा कागद घेऊन या. मी तो कागद मागायला गेले. कंपाउंडर म्हणला असा कागद नसतो.

तपासणीत रक्त निघालं. मग हिंगोलीला सोनोग्राफी केली, तर तिथली तपासणारी बाई म्हणली उजव्या अंगाला गोळ्यासारखं काही तरी दिसून राहिलं, नांदेडला जा, दुर्बिणीतून बघावं लागंल. दुर्बीण म्हणजे खालच्या जागेतून. मी म्हणलं मी न्हाई करणार. पन्नाशीची बाई, दोन लेकरांची अम्मी, पुरुष डॉक्टरापुढं कसं झोपू. शबाना आली सासरहून, माह्यासमोर उभी राहिली, म्हणली अम्मी, दीड वरीस तू त्या डॉक्टरापुढं हात पुढं करून झोपली, आता ज्याच्यानं खरं कळंल तिथं लाज आली का तुला. पोरगी लई कडक हाय माही.

आदल्या दिवशी पावडर पाण्यात कालवून प्यायला देली, खारट-गुळचट, पेल्यावर पेला, आन् संडास धू धू धुऊन निघालं पोट. दुसऱ्या दिवशी एका कुशीवर झोपवलं. अर्धवट गुंगीत होते. डॉक्टरीनच होती, पुरुष न्हवता, उगाच भ्याले. बाजूला टीव्हीसारखं होतं त्यावर माहं आतडं दिसून राहिलं, गुलाबी, चकचकीत, वळणं वळणं, मी म्हणलं किती छान हाय की. आन् मग दुर्बीण शेवटाला गेली तर तिथं फुलकोबीच्या गड्ड्यासारखं, मळकट लाल, तेच्यावरून रक्त ओघळून राहिलं, थेंब थेंब. डॉक्टरीननं चिमटा आत घातला. तुकडा काढला. मला तवाच कळलं.

पाच-सहा दिवसांनी कागद आला, कॅन्सर. नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांनी मालकाला आन् मला बसवून चित्र काढून सांगितलं, तेंचे मी उपकार मानते. म्हणले, बारीक आतडं जिथं मोठ्या आतड्याला मिळतं तिथं खाली एक थैली असती, एका अंगानं बंद, तिला सीकम म्हणतेत, तुमचं तिथं हाय. तिथं जागा मोठी आन् मळ पातळ, म्हणून काही अडकत न्हाई, काही अडलं न्हाई म्हणून माणसाला कळत न्हाई, नुसतं थेंब थेंब रक्त जातं आन् ते मळात मिसळून जातं. म्हणून तुमाला दम लागत होता. आन् तेंनी विचारलं, अपेंडिक्स काढलं तवा आत हात घातलेल्या डॉक्टरला हे दिसलं न्हाई का? अपेंडिक्स तर ह्याच थैलीला लटकलेलं असतं. पन्नाशीच्या माणसाला अपेंडिक्स सुजलं तर पयले हेच बघावं लागतं, कधी कधी ह्या गोळ्यानंच ते सुजतं. मालकानं तवा पयल्यांदा तोंड उघडलं. म्हणले साहेब, मला ट्रेमध्ये दाखवलं होतं. एवढंच बोलले आन् रडायला लागले, पुरुष माणूस, समोर सगळी लाईन बसलेली.

ऑपरेशन झालं सरकारी योजनेतून. उजव्या अंगाचं मोठं आतडं कापून काढलं, बारक्या आतड्याचं टोक वर चढवून जोडलं. मला धाक होता का पोटावर संडासची पिशवी लावतेत, शेजारच्या खाटंवरच्या सेनगावच्या बाईला लावली होती, पण मला गरज पडली न्हाई. ती सेनगावची बाई, द्वारकाबाई तिचं नाव, तिचं खालच्या अंगाला होतं, तिला वरीसभर मूळव्याधीचं मलम लावायला देलं होतं. आमी दोघी पडल्या पडल्या एकमेकींला सांगायच्या, तुह्या डॉक्टरनं काय केलं, माह्या डॉक्टरनं काय केलं, आन् हसायच्या. टाके दुखायचे हसताना. रोज सकाळी डॉक्टर यायचे आन् एकच विचारायचे, मावशी वारा सरला का? वारा सरल्याशिवाय पाणी मिळायचं न्हाई. पाचव्या दिवशी सरला तर द्वारकाबाईनं अख्ख्या वार्डाला ओरडून सांगितलं. ती बाई आता न्हाई. पुढच्या पावसाळ्यात गेली, मला तिच्या सुनंनं फोन करून सांगितलं.

काढलेल्यातल्या तीन गाठींत कॅन्सर पसरला होता, म्हणून सहा महिने केमो. तीन आठवड्यांला एकदा सलाईन आन् मधे गोळ्या, अशा आठ फेऱ्या. केस तितके गेले न्हाई. पण थंड पाण्याला हात लागला का करंट बसल्यासारखं व्हायचं, मालक मला प्यायला बी कोमट पाणी द्यायचे, भांडे तेच घासायचे, स्वयंपाक बी तेच, कशी का होईना खिचडी. तळव्याची सालं निघाली. बोटांत मुंग्या आल्या त्या पयले येऊन-जाऊन, मग राहिल्याच. डॉक्टर म्हणले औषधाचं हाय, कमी होईल, काहींचं होतं, काहींचं होत न्हाई. माहं झालं न्हाई.

औषधं संपल्यावर मी पयला फेरा केला, जवळा म्हणून गाव हाय तिथं, एका घरी लग्न होतं. नवरीचा हात धरला तर मला हाड लागंना. डोळ्यानं दिसून राहिलं, बोटाला लागंना. काचंच्या बांगड्या होत्या. एक फुटली, म्हणलं होतं कधी कधी, दुसरी फुटली, तिसरी मी जरा जोर लावला तर ती पोरीच्या मनगटात घुसली. रक्त आलं. तिची आत्या म्हणली, हळदीच्या अंगाला रक्त काढलं हो ह्या मावशीनं. मी फुटलेले तुकडे वेचून पदरात बांधले आन् पुढच्या जीपनं परत आले. चाळीस वर्सं माह्या हातून एका बी लेकीचं मनगट कापलं न्हवतं.

त्या दिवशी मला राग आला, ताई. आजारात आला न्हवता तितका आला. कागद घेतले आन् त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेले. तेनं कागद वाचले, मला बस म्हणला न्हाई. म्हणला, असं लपून बसतं मावशी हे, कोणाच्या बी नजरंतून सुटतं, नशीब समजा जीव वाचला. मी म्हणलं, तुमी आत हात घालायला लावला, आन् जे काढलं ते तपासायला पाठवलं असतं तर? म्हणला, सगळ्यांचं पाठवत बसलो तर दवाखाना कसा चालंल, आता तुमी पुढचं बघा. मी बाहेर आले तर बाकड्यावर सात-आठ बाया बसलेल्या, दोघींच्या हाताला पट्ट्या. मी मोठ्यानं म्हणलं, बायांनो, सलाईन घ्यायच्या आधी तेला विचारा, माहं रक्त जातंय कुठं. एक बी उठली न्हाई. एक जण तर म्हणली, मावशीचं डोकं फिरलं केमोनं. आज बी तेच्याकडं गर्दी हाय. माही सख्खी शेजारीण तिथंच जाती, काहून की तो उधार ठेवतो आन् गोड बोलतो.

पण हे बी एक वेळ सोडून देते मी. माही खरी जळणारी जागा दुसरीच हाय.

मोठ्या डॉक्टरांनी मला एक दिवस विचारलं होतं, घरात अजून कोणाला असं होतं का? मी अम्मीचं सांगितलं, रहीमभाईचं सांगितलं. तेंनी लिहिणं थांबवलं. माह्या गोळ्याची अजून एक तपासणी केली आन् म्हणले, हे तुमच्या घराण्यात रक्तातून येऊन राहिलं, अम्मीला पिशवीत झालं, तुमाला आतड्यात. सख्ख्या भावानं आन् तुमच्या दोन्ही लेकरांनी दुर्बिणीतून बघून घ्यायचं, काही होत नसलं तरी बघायचं, आन् दोन-एक वर्साला बघत राहायचं. पयल्यानं सापडलं तर तिथल्या तिथं काढता येतं. शबाना गेली. सासरी सांगितलं मूळव्याधीचं दाखवायचं हाय. तिच्या आतड्यात चामखिळीएवढा एक कोंब निघाला, दुर्बिणीतूनच काढला, ती त्याच दिवशी घरी. इरफानचं साफ निघालं. म्हणलं अल्लाह, एवढ्यासाठी मला आजारी पाडलं असंल तर माहं काही म्हणणं न्हाई.

मग मी एसटीनं वारंग्याला गेले, युसुफकडं. दुकानात गर्दी होती. तो स्टुलावर चढून वरचा डबा काढून राहिला होता आन् मी तेची पँट बघितली, कंबरंला सगळी गोळा करून पट्ट्यात आवळलेली. मी म्हणलं युसुफ, तू बारीक झाला रे. म्हणला सकाळी चालायला जातो आपा. मी तिथंच सांगितलं, गिऱ्हाईकापुढं, तीच चूक झाली माही. कॅन्सर म्हणलं आन् दोन बाया बांगड्या ठेवून बाहेर गेल्या. तेचा चेहरा उतरला. म्हणला आपा, तुला झालं ते तुह्या नशिबानं, माह्या दुकानात येऊन माह्या घराण्याला डाग लावू नको. मी म्हणलं घराणं तर एकच हाय रे आपलं. तेनं डबा धाडकन ठेवला. मी बाहेर आले तर तेची बायको नसीम मागून आली, माहा हात धरून म्हणली, आपा, मेरी दो बच्चियाँ हैं शादी की, ये बात यहीं दफन कर दो. तिच्या डोळ्यात पाणी होतं. मी परतीची एसटी धरली. फोन केले दोन-चार, तो उचलायचा न्हाई. मालक म्हणले जा अजून एकदा, मी म्हणलं मी अपमान करून घ्यायला जाणार न्हाई. बघा ताई, जीव वाचवायचा होता भावाचा आन् मी मान-अपमान धरून बसले.

वरीस-सव्वा वर्सानं तेचं पोट फुगलं, ढोलासारखं, संडास बंद, वारा बंद, उलट्या. नांदेडला नेलं, तातडीनं पोट उघडलं, तर लिव्हरपर्यंत पसरलेलं. चार महिने काढले तेनं. शेवटी शेवटी मला बोलावलं, सगळ्यांला खोलीबाहेर काढलं. हाडाची काडी राहिली होती. मला म्हणला आपा, लहानपणी मी ऐकायचो न्हाई तर तू मारायची, तवा दुकानात दोन थोबाडीत काहून न्हाई मारल्या मला? मी तेच्या तळव्यावरून हात फिरवत राहिले. गरम होता का गार होता, मला कळलं बी न्हाई, ह्या बोटांला काही कळतच न्हाई.

मय्यत घरात असताना नसीम सगळ्या बायांपुढं म्हणली, हिनं बददुवा देली माह्या दुकानात उभं राहून, हिच्या तोंडातून निघालं आन् माह्या घरात शिरलं. तवापासून तिचं आन् माहं बोलणं न्हाई.

आता माही तब्येत ठीक हाय म्हणतेत. दर वर्साला दुर्बीण होती, पाचवं वरीस चालू हाय, डॉक्टर म्हणले आता धोका कमी. वजन भरलं, मंदिराचा चढ चढते. सुजाताताईची बदली झाली. गाळ्यात मी मेटलच्या आन् प्लास्टिकच्या बांगड्या लटकवून ठेवल्या, बाया आपल्या हातानं घालून बघतेत, मी नुसती बसलेली. जिवंत हाय, एवढं खरं. पण कशापायी वाचले असं कोणी विचारलं तर सांगता येत न्हाई.

मागच्या महिन्यात युसुफच्या थोरल्या पोरीचा, रेश्माचा फोन आला. आईला न सांगता केला होता, पाणी भरायला म्हणून बाहेर येऊन. तिचं लग्न ठरलं, परभणीचा पोरगा हाय. मला आवतन न्हाई, ते मला माहीत होतं. म्हणली फुफी, मला बी बघून घ्यावं लागंल का? मी म्हणलं व्हय बेटा, तुला बी आन् धाकटीला बी. डॉक्टरांनी पंचविशीपासून सांगितलं, तू तेवीसची हायस, आताच बघ. ती म्हणली, निकाह झाल्यावर तेंला विचारते, ते हो म्हणले तर. मी म्हणलं तेंला विचारू नको, तेंला सांग. पोट तुहं हाय. तर पलीकडून कोणी तरी हाक मारली आन् फोन कटला. तो नंबर तिच्या मैत्रिणीचा निघाला, आता लागत न्हाई.

निकाह परवा झाला म्हणतेत. परभणी काही लांब न्हाई, पण मी जाणार न्हाई, पोरीच्या नव्या घरात पयल्याच महिन्यात मी कॅन्सर घेऊन जाऊ का. जाईन, वरीसभरानं जाईन, तोवर नमाजीत तिचं नाव घेते. सुखी राहा बाई, लेकरंबाळं होवोत तुला, नवरा ऐकणारा निघो. लिहून घेतलं ना ताई? तिचं नाव मात्र बदलून टाका.